बटन, बटन, बटन

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मी आंधळी आहे आणि गाण्यांचं रेकॉर्डिंग-एडिटिंग करते, तर त्यानंतर जो पत्रांचा ढीग आलाय तो अजून ऐकून संपला नाहीये. (हो, ऐकून.) त्यातली सहा पत्रं घेतलीयेत. काही जणांना 'आंधळी' शब्द खटकला, दृष्टिहीन म्हणा, दिव्यांग म्हणा असं सुचवलंय. तुम्ही तुम्हाला बरं वाटेल ते म्हणा हो, मला माझ्यापुरता आंधळी चालतो, छोटा आहे आणि टाइप करायला सोपा. चला सुरू करू.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६४. काचबिंदूने नजर बरीच गेलीय, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. आयुष्यभर लिहीत आलो. मुलगा म्हणतो कम्प्युटर शिका, पण स्क्रीनच दिसत नसेल तर कम्प्युटर घेऊन करायचं काय?

सर, माझी नजर सतराव्या वर्षी गेली तेव्हा मीही अगदी हेच म्हणून वर्षभर हातावर हात धरून बसले होते. स्क्रीन आपल्याला लागते हो, कम्प्युटरला नाही लागत. त्याच्या पोटात सगळी अक्षरंच असतात. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम ती अक्षरं, आणि त्याबरोबर हे बटन आहे, ही लिंक आहे, हा चौकोन टिक केलेला आहे ही सगळी माहिती विंडोजकडून मागून घेतो आणि बोलून दाखवतो, किंवा ब्रेल डिस्प्लेवर टिंबं वर आणून दाखवतो. तो स्क्रीनचा फोटो बघून वाचत नसतो, एवढं लक्षात ठेवा, खालच्या निम्म्या उत्तरांचं मूळ तिथेच आहे.

ही काही कालची गोष्ट नाही. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी १९८६ च्या सुमारास डॉससाठी, म्हणजे विंडोजच्या आधीच्या नुसत्या अक्षरांच्या सिस्टिमसाठी, स्क्रीन रीडर केला, मग १९८९ ला जॉज आला, तो टेड हेंटर यांचा, हा माणूस मोटरसायकल रेसर होता आणि अपघातात डोळे गेले. आणि २००६ मध्ये मायकल करन या आंधळ्या ऑस्ट्रेलियन तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला कारण त्याला हे पटतच नव्हतं की डोळस माणसाने कम्प्युटर घेतला की झालं आणि आंधळ्याने मात्र त्यावर आणखी महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. एनव्हीडीए आजही फुकट आहे. तुम्ही त्यानेच सुरुवात करा, मराठी बोलतो, त्यातला ईस्पीक नावाचा मशीनचा आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे पण पंधरा दिवसांत कान बसतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. माऊस ड्रॉवरमध्ये टाका. कीबोर्डवर एफ आणि जे या कीजवर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो, दोन्ही तर्जन्या तिथे ठेवा, बाकी सगळे पत्ते तिथून मोजायचे. मग इन्सर्ट दाबून धरून वरच्या ओळीतला १ दाबा. याला इनपुट हेल्प म्हणतात, आता कुठलीही की दाबा, ती कोणती आहे आणि काय करते एवढंच तो सांगेल, प्रत्यक्षात काहीही होणार नाही, काहीही पुसलं जाणार नाही. बाहेर यायला परत इन्सर्ट आणि १. पहिला आठवडा फक्त एवढंच खेळा. मी खरंच सांगते, घरातले लोक 'हे दाबा, ते दाबा, अहो ते नाही' करत मागे उभे असतील तर त्यांना आधी बाहेर पाठवा.

आणि नजर पूर्ण जायची वाट बघू नका. आत्ता थोडं दिसतंय तेव्हाच डोळे मिटून शिकलात तर अडल्यावर एक डोळा उघडून बघता येईल, मला ती चैन नव्हती.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते. तुमचं जुनं लिखाण जर युनिकोडच्या (कुठल्याही कम्प्युटरला मराठी अक्षर म्हणूनच कळणारी आताची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, ते श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, तर स्क्रीन रीडर ते वाचताना मराठी नाही, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा वाचेल. म्हणजे फाइल बिघडली असं नाही. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठी आकाराचा मुखवटा. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, जोडाक्षरं थोडी सांडतात, ती मुलाकडून तपासून घ्या, त्याला तेवढं काम द्या.

प्रश्न : आमची मुलगी ११ वर्षांची, जन्मापासून दिसत नाही. मोठा भाऊ चित्रं काढतो म्हणून तिलाही काढायची असतात. आम्ही विषय बदलतो. उगाच आशा लावून नंतर ती हिरमुसली तर?

विषय बदलू नका, एवढंच उत्तर लिहून थांबणार होते पण राहवत नाही.

चित्र म्हणजे रंग आणि उजेड हे डोळसांच्या डोक्यात बसलेलं आहे. रेषा म्हणजे काय तर वस्तूची कड, आणि कड हाताला पण कळते, किंबहुना हातालाच आधी कळते. जॉन केनेडी नावाचे टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आयुष्यभर हाच विषय धरला, आंधळ्या माणसांना उठावदार रेषेने चित्रं काढायला लावायची आणि बघायचं. एशरेफ आर्मागान म्हणून तुर्की चित्रकार आहे, जन्मापासून आंधळा, त्याच्या चित्रात लांबच्या वस्तू लहान होत जातात, केनेडींनी त्याच्या ठोकळ्यांच्या चित्रांवर २००६ मध्ये पेपर पण लिहिला. आणि आपले विनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनचे, त्यांची उरलीसुरली नजर ऑपरेशन फसून गेली तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते, त्यानंतर त्यांनी कागद कापून चिकटवून चित्रं केली आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं अख्खं म्युरल केलं. ही नावं मी चमत्कार म्हणून सांगत नाहीये, प्लीज तिच्यासमोर यांची पोस्टरं लावू नका, अकरा वर्षांच्या पोरीला आर्मागान व्हायचं नसतं, तिला दादासारखं काहीतरी खरडायचं असतं.

साधन साधं आहे. रबराचा मऊ पृष्ठभाग असलेला एक बोर्ड मिळतो, त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवायचा आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून ओढायचं, रेष तिथल्या तिथे वर उठते, म्हणजे काढता काढताच बोटाने बघता येते. तो मिळेपर्यंत मेणाचा थर दिलेली लोकर वापरा, वाकते, चिकटते, पुसायची म्हटलं तर उचलून घेता येते. भावाच्या चित्राची रेषा तिला दाखवायची असेल तर फुगणारा कागद असतो, त्यावर काळ्या शाईत चित्र प्रिंट करून गरम मशीनमधून काढलं की फक्त काळा भाग फुगतो.

माझ्या ओळखीतल्या एका जन्मांध मुलीने पहिल्यांदा टेबल काढलं तेव्हा मधे चौकोन आणि चार कोपऱ्यांतून चार पाय चार दिशांना फाकलेले, एखादं जनावर पाय पसरून पडल्यासारखं. तिचा बाबा म्हणाला चुकलं. मी म्हटलं हात लावून बघा, टेबलाला चार पाय आहेत ना? चारही आलेत. तुम्ही समोरून काढता तेव्हा मागचे दोन निम्मे झाकून टाकता आणि त्याला बरोबर म्हणता. मग त्या दोघांनी टेबलाभोवती बसून कुठला पाय कुठल्या पायाआड जातो ते काठी धरून तपासलं, अर्धा दिवस गेला त्यात, आणि पुढचं टेबल तिने 'बाबाच्या खुर्चीवरून' काढलं.

हिरमुसण्याचं म्हणाल तर दादा पण हिरमुसतोच की चित्र बिघडलं की. तिला पण तेवढा हक्क असू दे.

थोडी मोठी झाली की ओपनएससीएडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर दाखवा, त्यात आकार माऊसने ओढायचे नसतात, लिहायचे असतात, एवढा लांब ठोकळा, त्याला एवढ्या व्यासाचं भोक, आणि थ्रीडी प्रिंटरवर छापून निघालं की हातात घेऊन चूक काढायची. माझ्या मते तर शिल्पकला शिकायचा हा दणकट मार्ग आहे.

प्रश्न : मी वेबसाइट्स करतो. सध्या एका चित्रकाराच्या साइटचं काम आहे, शंभरेक पेंटिंग्ज आहेत. ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्रामागे स्क्रीन रीडरसाठी जोडतात त्या वर्णनात, नक्की काय लिहायचं? 'पेंटिंग' लिहून चालेल का?

नाही चालणार. शंभर वेळा 'पेंटिंग, पेंटिंग' ऐकून बघा एकदा. वेब ॲक्सेसिबिलिटीचे डब्ल्यूसीएजी नियम १९९९ मध्ये पहिल्यांदा आले, त्यातला पहिलाच नियम हा आहे की जे अक्षर नाही त्याला अक्षरांचा पर्याय द्या, तरी २०२४ मध्ये वेबएम संस्थेने दहा लाख होमपेजं मशीनने तपासली तर ९५.९ टक्के पानांवर त्या नियमांमधल्या चुका सापडल्या. तर तुम्ही विचारलंत हेच खूप आहे.

लिहायचं काय तर फोनवर मित्राला सांगाल तेच. 'खिडकीत बसलेली म्हातारी, मांडीवर पालथं ठेवलेलं पुस्तक, सगळा उजेड डावीकडून, चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग जवळजवळ काळा.' बास. सुरुवातीला 'या चित्रात' लिहू नका, चित्र आहे ते स्क्रीन रीडर आधीच सांगतो. रंग लिहा, नक्की लिहा, आंधळ्यांना रंगाचं काय हे डोक्यातून काढा, बहुतेक जणांची नजर मधेच कधीतरी गेलेली असते आणि कित्येकांना थोडंफार दिसत पण असतं. 'सुंदर', 'मनाला भिडणारं' हे मात्र नको, ते माझं मी ठरवीन. मोठं वर्णन करायचं असेल तर ते चित्राखाली सगळ्यांना दिसेल असं लिहा, डोळस लोक पण वाचतात, त्यांनाही निम्मं दिसलेलं नसतं.

कडेची वेलबुट्टी, शोभेच्या रेघा असतील तर त्यांचा ऑल्ट रिकामा ठेवा, पण काढून टाकू नका. रिकामा असला की स्क्रीन रीडर पुढे जातो. तो नसलाच तर, आणि विशेषतः त्या चित्राला लिंक असली तर, बिचारा फाइलचं नाव वाचत बसतो, आयएमजी अंडरस्कोर शून्य शून्य चार तीन.

आणि चित्रांपेक्षा जास्त छळतात ती बटनं. तुम्ही भिंग, घर, तीन आडव्या रेघा अशी आयकॉन लावता, आत नाव देत नाही, माझ्या कानात येतं 'बटन. बटन. बटन.' एका ठिकाणी मला एका कलाप्रदर्शनाची नावनोंदणी करायची होती, सगळा फॉर्म भरला, शेवटी दोन बटनं, दोन्ही नुसतीच 'बटन'. मी पहिलं दाबलं. ते फॉर्म पुसायचं होतं. पुन्हा सगळं भरलं तोवर वेळ संपून पान बंद. मग मैत्रिणीला फोन करून तिच्याकडून भरून घेतला, आणि मला त्या अर्ध्या तासात जेवढं परावलंबी वाटलं तेवढं डोळ्यांमुळे कधी वाटलेलं नाही.

साइट झाली की माऊस काढून टाका आणि नुसत्या टॅब आणि एंटरवर अख्खी फिरून बघा, अडाल तिथे मी पण अडणार आहे.

प्रश्न : ताई, मी फर्स्ट इयरला आहे, पूर्ण ब्लाइंड. कीबोर्ड वाजवतो, गाणी बांधतो. पण रेकॉर्डिंग-मिक्सिंग म्हणजे सगळं स्क्रीनवर बघून करायचं काम ना? आणि ब्रेल म्युझिक शिकू का?

अरे, तू माझ्याच गल्लीतला निघालास. ऐक. हे काम बघून करायचं आहे असं कोणी सांगितलं तुला? वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा स्क्रीनवरचा आलेख, बघून एडिट करणारे खूप आहेत, म्हणूनच खूप एडिट्स कानाला खटकतात. (हे जरा तिखट झालं, राहू दे.)

रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घे आणि त्यावर ओसारा नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाक, ते आंधळ्या लोकांनीच उभं केलंय, सुरुवात जेम्स टे यांची, एनव्हीडीए उभा करणाऱ्यांपैकीच ते. वर-खाली ॲरोने ट्रॅक बदलतो, ट्रॅकचं नाव बोलतं, म्यूट आहे का, रेकॉर्डला लावलाय का ते बोलतं. पीक वॉचर म्हणून सोय आहे, डोळस माणसाला लाल दिवा दिसतो तसं तुला लेव्हल वर गेली की सांगतं. खरी डोकेदुखी प्लगिन्सची, म्हणजे आवाजावर इफेक्ट चढवायला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्राम्सची. पुष्कळ प्लगिन्सचा चेहरा चित्रासारखा रंगवलेला असतो, गोल गोल बटनं, पण आत अक्षर म्हणून काही नाही, मग स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. अशा वेळी ओसारामधून त्या प्लगिनच्या पॅरामीटर्सची यादी उघड, तेच सगळे नॉब आकड्यांच्या रूपात मिळतात, ॲरोने कमीजास्त कर. प्लगिन विकत घेण्याआधी ट्रायलवर हे तपासायचं, नंतर नाही.

पहिल्या दिवसापासून स्क्रीन रीडरचा आवाज वेगळ्या साउंड डिव्हाइसवर आणि गाणं वेगळ्या डिव्हाइसवर पाठव. मी हे केलं नव्हतं. एका गायिकेचा जीव ओतून दिलेला टेक, शांत आलाप, आणि मधेच माझ्या मशीनचा पत्र्याचा आवाज, 'ट्रॅक फोर आर्म्ड'. रेकॉर्डमध्ये. ती हसली म्हणून निभावलं, टेक परत तसा आला नाही ते नाहीच.

ब्रेल म्युझिक शीक. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा आणि १८२९ मध्ये त्याने आपली लिपी छापली त्या पुस्तकाच्या नावातच शब्दांबरोबर संगीत पण होतं. त्याच सहा टिंबांत बसतं सगळं, वरच्या चार टिंबांत सूर आणि खालच्या दोन टिंबांत लांबी, म्हणजे इंग्रजी ब्रेलचं डी हे अक्षर नुसतं आलं तर तो सी सूर, एट्थ नोट (पूर्ण सुराच्या आठव्या भागाइतका लांब), त्यालाच सहावं टिंब लावलं की क्वार्टर, तिसरं लावलं की हाफ, दोन्ही लावली की होल. एका दुपारीत एवढं कळतं, सवय व्हायला वर्ष जातं. अडचण एकच, वाचायला हात लागतो आणि वाजवायला पण हात लागतो, त्यामुळे डाव्या हाताने वाचून उजव्याने वाजव, मग उलट, मग दोन्ही जोडून पाठ. आपल्याला सगळं पाठच करावं लागतं. कानाने उचलता येतं मान्य आहे, पण कानाने तू दुसऱ्याने वाजवलेलं उचलतोस, त्याच्या चुकांसकट. कागदावरून वाचलंस तर निर्णय तुझा.

प्रश्न : माझी मैत्रीण ब्लाइंड आहे. नाटक-सिनेमाला गेलो की मी तिला कानात सांगत असते आणि आजूबाजूचे चिडतात. काय करू?

चिडणाऱ्यांचं फारसं चुकत नाही, आणि खरं सांगू, तुझ्या मैत्रिणीचेही दोन संवाद त्यात बुडत असणार. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात ते हेच काम, पण शिस्तीत, दोन संवादांच्या फटीत, फक्त ऐकू न येणारं तेवढंच. कोण आत आलं, तिने पत्र फाडलं की खिशात ठेवलं. नाटकात हे १९८१ पासून चालू आहे, वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर मार्गारेट फॅनस्टील यांनी सुरू केलं, त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. नेटफ्लिक्सवर आलं २०१५ ला, आणि कुठल्या मालिकेपासून तर आंधळ्या सुपरहिरोच्या 'डेअरडेव्हिल'पासून, जी आली तेव्हा तिच्यात वर्णन नव्हतंच, आंधळे प्रेक्षक ओरडल्यावर आलं. विनोद आहे की नाही?

सिनेमा घरी बघणार असाल तर भाषांच्या यादीत आधी तो ट्रॅक शोध. नाटकाला तासभर आधी जा आणि विनंती करून तिला रिकाम्या स्टेजवर फिरवून आण, दार कुठे, जिना किती पायऱ्यांचा, खुर्ची कापडी की लाकडी, कोटाचं कापड हाताला लागू दे. एवढं झालं की मग प्रयोगात निम्मं सांगावंच लागत नाही, पावलांच्या आवाजावरून तिला कळतं माणूस जिन्यावर आहे.

प्रश्न : आता एआय ॲप फोटो काढला की सगळं वाचून, वर्णन करून सांगतं. मग ब्रेल शिकायची गरजच काय?

ॲप मी दिवसातून वीसदा वापरते, उगाच नाकं मुरडणार नाही. समोरच्या पोस्टरवर काय लिहिलंय, शर्टाचा रंग कुठला, दुसऱ्या मिनिटाला उत्तर. पण ते चुकतं तेव्हा पण त्याच ठाम आवाजात चुकतं. एकदा माझ्या ड्रॉइंगचा फोटो दिला तर म्हणालं मुलगी झोपाळ्यावर बसलीय. मी कपाट काढलं होतं. मला माहीत होतं म्हणून हसले, दुसऱ्या कोणाचं चित्र असतं तर झोपाळा मनात धरून बसले असते.

आणि ऐकण्यात अक्षर नसतं. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच, ऱ्हस्व-दीर्घ बोटाखाली आल्याशिवाय पक्कं होत नाही. नुसतं ऐकून शिकलेली हुशार पोरं मेल पाठवतात तेव्हा स्पेलिंगवरून लगेच ओळखू येतात, आणि दोष त्यांचा नसतो, त्यांना लहानपणी कोणी सांगितलेलं असतं की कम्प्युटर आहे ना, आता ब्रेल कशाला.

माझ्या टेबलामागे ऑडिओ इंटरफेसच्या अकरा वायरी आहेत, सगळ्या सारख्या जाडीच्या, सगळ्या रबरी. प्रत्येकीच्या टोकाला ब्रेलची चिकटपट्टी गुंडाळलीय, माइक एक, माइक दोन, हेडफोन, डावा स्पीकर असं. परवा रेकॉर्डिंग चालू असताना एक सुटली. गायक आत थांबलेला, मी टेबलाखाली पालथी पडून हात मागे घातला, तिसऱ्या वायरीला बोट लागलं, माइक दोन, खोचली. फोन वर टेबलावर होता.